इनपुट काढून टाकल्यावरही फिल्टर शिट्टी का वाजवतो?

खर्जप्रेमी

सर्वांना नमस्कार.

गेल्या दोन महिन्यांत मी एका किटमधून सिंथेसायझरसाठी ट्रान्झिस्टर लॅडर पद्धतीचा लो-पास फिल्टर, म्हणजे कटऑफ या मर्यादेवरचे स्वर गाळणारे सर्किट, जोडला. तीन-चार ठिकाणी ड्राय सोल्डर निघाले, ते दुरुस्त केल्यावर फिल्टर चालू लागला. ऑसिलेटरचा करवती तरंग आत सोडला की कटऑफचा नॉब फिरवावा तसा आवाज उजळतो किंवा मावळतो, आणि रेझोनन्स वाढवला की कटऑफच्या आसपासचे स्वर नाकातून गायल्यासारखे पुढे येतात. येथवर सारे वाचले होते तसेच आहे.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. रेझोनन्सचा नॉब शेवटाकडे नेला की एक शिट्टी सुरू होते, आणि इनपुटची केबल पूर्णपणे उपसली तरी ती चालूच राहते. ऑसिलोस्कोपवर ती जवळजवळ निर्दोष साइन तरंगासारखी दिसते. माझ्या ऑसिलेटरमधून साइन म्हणून जे बाहेर येते, त्याहूनही ती देखणी आहे. फिल्टरचे काम गाळण्याचे आहे. गाळणीत काहीच ओतले नाही तर खाली पेल्यात चहा कुठून येतो, हे मला उमगत नाही.

त्याबरोबर आणखी काही गोष्टी ध्यानात आल्या. ही शिट्टी कटऑफच्या नॉबबरोबर वर-खाली जाते, म्हणून मी कटऑफला एक व्होल्टला एक सप्तक या हिशेबाने कीबोर्डचा व्होल्टेज दिला आणि फिल्टरच वाजवून पाहिला. वरच्या सप्तकात तो बऱ्यापैकी सुरात राहतो. परंतु १७६० हर्ट्झवर जुळवून एक व्होल्ट उतरवला, तर ८८० ऐवजी सुमारे ९१५ हर्ट्झ मिळतात. आणखी एक व्होल्ट उतरवला, तर ४४० ऐवजी सुमारे ४९० हर्ट्झ मिळतात. त्याहून खाली, साधारण ४०० हर्ट्झच्या आसपास, शिट्टी विझूनच जाते. विझण्याच्या जागेच्या किंचित वर ती एकदम न येता हळूहळू उगवते. शिवाय रेझोनन्स वाढवला की खर्ज पातळ होतो, आणि माझ्यासारख्या माणसाला तेच सर्वांत जास्त खटकते.

बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र आणि थोडेफार इलेक्ट्रॉनिक्स मला येते, तेव्हा गणितासह उत्तर दिले तरी चालेल.


जुना रेडिओवाला

आपली निरीक्षणे नेमकी आहेत आणि ती सारी एकाच धाग्यात ओवता येतात. गाळणीची उपमा मात्र येथेच सोडून द्यावी, कारण गाळणीला वीज लागत नाही आणि आपल्या फिल्टरला लागते. शिट्टीची ऊर्जा पॉवर सप्लायमधून येते. फिल्टरमधील ट्रान्झिस्टर ती ऊर्जा सिग्नलच्या इशाऱ्यावर सोडत असतात. प्रश्न एवढाच उरतो की आपण इशारा करीत नसताना तो कोण करतो. उत्तर असे की फिल्टरचे आउटपुटच फिरून त्याच्या इनपुटला इशारा करते.

लॅडरमध्ये चार पायऱ्या असतात. प्रत्येक पायरी म्हणजे एक कपॅसिटर आणि त्याचा भार कमी-जास्त करणारी ट्रान्झिस्टरांची जोडी. कटऑफच्या वारंवारतेला प्रत्येक पायरी सिग्नलची उंची ०.७०७ पट करते आणि त्याला फेजमध्ये ४५ अंश मागे पाडते. चार पायऱ्या उतरल्यावर उंची एक चतुर्थांश उरते आणि मागे पडणे १८० अंशांचे होते, म्हणजे शिखराच्या जागी दरी आणि दरीच्या जागी शिखर येते. रेझोनन्सचा नॉब हा चौथ्या पायरीवरचा सिग्नल उलटा करून पहिल्या पायरीच्या तोंडाशी परत आणून सोडतो. उलट्याचे उलटे झाल्यामुळे परत आलेला तरंग मूळ तरंगाच्या पावलात पाऊल टाकून उभा राहतो. हे फक्त कटऑफच्याच वारंवारतेला घडते. त्याखालचे स्वर पुरेसे मागे पडलेले नसतात, म्हणून परत येऊन मूळ सिग्नलला खोडतात. वरचे स्वर जास्त मागे पडतात आणि वाटेतच क्षीणही होतात. कटऑफपाशी जो उंचवटा दिसतो, तो यामुळेच.

आता परतीच्या वाटेवरचे गेन, म्हणजे सिग्नल किती पट होतो तो आकडा, वाढवीत न्यावे. चार पायऱ्यांनी सिग्नल एक चतुर्थांश केला असल्यामुळे, परतीचे गेन बरोबर चार झाले की एक फेरी पूर्ण करून आलेला तरंग जेवढा निघाला होता तेवढाच परत येतो. म्हणजे त्याला टिकण्यासाठी बाहेरच्या कोणाचीही गरज उरत नाही. फेरीचे एकूण गेन एक आणि एकूण फेज पूर्ण वर्तुळाएवढी, ही दोलनाची अट हाइनरिश बार्कहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते आणि तिचे मूळ १९२१ च्या सुमाराचे आहे. त्यामुळे फिल्टर आणि ऑसिलेटर ही दोन वेगळी सर्किटे आहेत असे मानू नये. सर्किट एकच आहे. गेन चारच्या आत असेपर्यंत त्यातील दोलन मरत जाते आणि चारला पोहोचल्यावर ते मरायचे थांबते.

गणपतीच्या मंडपात माइक कर्ण्यासमोर आला की जी किंकाळी उठते, तीही याच जातीची असते. फरक इतकाच की तेथे आवाजाला हवेतून जाण्यास वेळ लागतो, त्यामुळे अनेक वारंवारतांना फेजची अट पूर्ण होते आणि कोणता सूर उठेल हे मंडपाच्या आकारावर अवलंबून राहते. लॅडरमध्ये ही अट एकाच वारंवारतेला पूर्ण होते, म्हणून आपल्याला ती वाजवता येते.

पहिला इशारा कोणाचा, हा प्रश्न तरीही उरतो. प्रत्येक रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टरमध्ये उष्णतेमुळे बारीक खरखर असतेच; त्यातील कटऑफजवळचा अंश फेरीगणिक वाढत जातो. व्यवहारात नॉब फिरवल्याचा किंवा कंट्रोल व्होल्टेज बदलल्याचा धक्काही पुरतो. हळूहळू उगवण्याचे कारणही येथेच आहे. गेन ४.४ म्हणजे गरजेपेक्षा दहा टक्के जास्त आहे असे समजा. गणित केल्यास दोलन वाढण्याचा वेग कटऑफच्या कोनीय वारंवारतेच्या सुमारे २.४ टक्के येतो. एक मायक्रोव्होल्टची खरखर दहा मिलिव्होल्टपर्यंत वाढण्यास १००० हर्ट्झवर ०.०६ सेकंद लागतील, तर १०० हर्ट्झवर ०.६ सेकंद. खालचा सूर उशिरा उगवतो तो असा, आणि गेन गरजेच्या जितके जवळ, तितका उशीर जास्त.

मग तो वाढतच का जात नाही? कारण ट्रान्झिस्टरांची जोडी सरळ रेषेत फार थोडे अंतर चालते. खोलीच्या तापमानाला त्यांचा औष्णिक व्होल्टेज साधारण २६ मिलिव्होल्ट असतो, आणि सिग्नल त्याच्या बरोबरीला येऊ लागला की जोडी आखडते, म्हणजे तिचे परिणामी गेन घटते. दोलन वाढते तसे गेन घटते, आणि फेरीचे गेन पुन्हा बरोबर एक होईल त्या उंचीला तरंग स्थिरावतो. ही आखडण्याची सवय दोष नसून दोलनाची उंची राखणारा लगामच आहे. इनपुटला मोठा सिग्नल जोडल्यावर शिट्टी दबते, ती यामुळेच. लगाम पाहुण्याने खेचलेला असतो.

आखडल्यामुळे तरंगात विषम हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट असे सूर, उमटतात, तरीही आपल्याला साइन स्वच्छ दिसतो, कारण ते हार्मोनिक पुन्हा त्याच चार पायऱ्या उतरतात. मूळ सूर एक चतुर्थांश होतो, तर तिप्पट वारंवारतेचा हार्मोनिक एक शतांश. म्हणजे मूळ सुराच्या तुलनेत तो पंचवीस पटींनी, सुमारे २८ डेसिबलने, आणखी खाली जातो. आपला ऑसिलेटर बहुधा त्रिकोणी तरंगाला वाकवून साइन तयार करीत असावा. त्याच्यापुढे स्वतःची धूळ स्वतः झाडणारा फिल्टर उजवा ठरला, यात नवल नाही.

खर्ज पातळ होण्याचा हिशेबही त्याच नॉबवर आहे. अगदी खालच्या स्वरांना चार पायऱ्या जवळजवळ काहीच करीत नाहीत, त्यामुळे परत आलेला सिग्नल पूर्ण उलटा असतो आणि मूळ सिग्नलमधून वजा होतो. गेन चार असताना खर्ज एक पंचमांश, म्हणजे १४ डेसिबलने कमी होतो. काही सर्किटांत रेझोनन्सबरोबर इनपुटही वाढवून ही तूट भरून काढतात.

सुराच्या चुकीबद्दल मला संशय आहे, पण आधी एक गोष्ट तपासून सांगावी: परतीच्या वाटेवर एखादा कपलिंग कपॅसिटर आहे का, त्याची किंमत किती आणि त्याच्यापुढे कोणता रेझिस्टर आहे?


पॅचकेबल

रेडिओवाले काकांनी सर्किटाचे पोट उघडून दाखवले आहे. मी केवळ वाजवणाऱ्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

सिंथेसायझर बनवणारे रॉबर्ट मूग यांनी या लॅडरच्या पेटंटसाठी १९६६ मध्ये अर्ज केला आणि ते १९६९ मध्ये मंजूर झाले. त्यांच्या १९७० च्या मिनिमूग या सिंथेसायझरमध्ये हाच फिल्टर कीबोर्डशी जोडण्यासाठी दोन स्विच आहेत: एक कटऑफला कीबोर्डच्या एक तृतीयांश हलवतो, दुसरा दोन तृतीयांश, आणि दोन्ही चालू केले की फिल्टर पूर्ण सप्तकाला पूर्ण सप्तक चालतो. रेझोनन्स शेवटाला नेऊन दोन्ही स्विच चालू केले की तीन ऑसिलेटरांच्या त्या वाद्यात चौथा आवाज मिळतो. आपण घरी जे केले, ते ही वाद्ये वाजवणारे पन्नास वर्षांपासून करीत आले आहेत.

सगळे फिल्टर मात्र शिट्टी वाजवीत नाहीत. ओबरहाइमचा १९७४ चा एसईएम हा मॉड्यूल घ्या. त्याचा स्टेट व्हेरिएबल फिल्टर नॉब शेवटाला नेला तरी स्वतःहून वाजत नाही, आणि माझ्या मते त्याचा गोडवा काही अंशी या संयमातच आहे. याउलट १९७८ च्या कॉर्ग एमएस-२० मध्ये परतीच्या वाटेवर डायोड बसवले आहेत. तेथे लगाम हळुवार नसून हिसक्याचा असल्याने शिट्टी साइन न राहता किंचाळते. कोणाला ते दोषास्पद वाटते, मला ते वाद्य त्यासाठीच हवेसे वाटते.

रोलँडच्या टीबी-३०३ या बास सिंथेसायझरबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकू येतो. त्याचा फिल्टर इतका चिरका लागतो की तो स्वयंदोलन करतो असेच लोक धरून चालतात. प्रत्यक्षात मूळ यंत्रात रेझोनन्स दोलनाच्या उंबरठ्याच्या अलीकडेच थांबवलेला आहे. तेथे ट्रान्झिस्टरांच्या जागी डायोड म्हणून वापरलेल्या जोड्या आहेत आणि पायऱ्या एकमेकींवर ओझे टाकतात. साधा हिशेब घ्यायचा तर एकसारख्या चार आरसी पायऱ्या मध्ये कोणताही बफर न ठेवता एकमेकींना जोडल्या, तर १८० अंशांना सिग्नल एक चतुर्थांश न होता सुमारे १८.४ पटींनी घटतो. म्हणजे परतीचे गेनही तेवढेच लागते. मुंबईचे संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये राग वाजवण्यासाठी याच यंत्राची निवड केली होती. त्यातील खेचलेले, ओले वाटणारे स्वर हे उंबरठ्याच्या अलीकडच्या फिल्टरचे आहेत, पलीकडच्या नव्हे.

आणि खरी मौज त्या अलीकडच्या पट्ट्यातच आहे. रेझोनन्स असा लावावा की शिट्टी नुकतीच थांबलेली असेल, आणि मग इनपुटला एक अगदी छोटा पल्स द्यावा. फिल्टर टकोरा दिलेल्या भांड्यासारखा वाजतो आणि हळूहळू शांत होतो. कटऑफ खाली ठेवला तर डग्गा, वर ठेवला तर लाकडाचा ठोका, आणि रेझोनन्सचा नॉब हाच आता आस किती लांबवायची याचा नॉब होतो. रोलँडच्या १९८० च्या टीआर-८०८ मधील बास ड्रमही तत्त्वतः हेच करतो. त्यातील ब्रिज्ड-टी सर्किट स्वतःहून दोलत नाही, पल्सचा धक्का मिळाला की घुमून विझते. आपल्या फिल्टरचा सूर सध्या जुळत नसला तरी हा उद्योग करण्यास काहीच हरकत नाही.


खर्जप्रेमी

दोघांचेही मनापासून आभार. काकांनी विचारलेले तपासले. परतीच्या वाटेवर, रेझोनन्सच्या नॉबनंतर, ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आहे आणि त्याच्यापुढे १० किलोओहमचा रेझिस्टर आहे. किटच्या नकाशातही हीच किंमत छापलेली आहे, म्हणजे जोडणीत माझी चूक झालेली नाही. हा कपॅसिटर काढून तेथे सरळ तार लावली तर काय होईल?


जुना रेडिओवाला

सरळ तार लावू नये. आउटपुटच्या डिफरन्शियल अँप्लिफायरमध्ये थोडा तरी डीसी ऑफसेट, म्हणजे स्थिर जादा व्होल्टेज, असतोच; तार लावल्यास तो फेरीत शिरेल आणि पायऱ्यांचा तोल एका बाजूला कलेल. कपॅसिटर हवाच, पण हा फार लहान आहे.

०.१ मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम मिळून एक हाय-पास (खालचे स्वर अडवणारा) फिल्टर होतो आणि त्याची सीमा १५९ हर्ट्झला येते. आपण म्हणाल की ४४० हर्ट्झ तर त्याच्या बरेच वर आहे. उंचीच्या दृष्टीने ते खरे आहे. तेथे जेमतेम सहा टक्के घट होते. फेजच्या दृष्टीने मात्र ते मुळीच खरे नाही. हाय-पास सिग्नलला पुढे ढकलतो, आणि ४४० हर्ट्झला तो जवळजवळ २० अंश पुढे ढकलतो. फेरीची एकूण फेज पूर्ण वर्तुळाएवढी व्हायची असेल, तर ही पुढची चाल कोणीतरी भरून काढली पाहिजे. ते काम चार पायऱ्यांवर येते: त्यांना १८० ऐवजी २०० अंश, म्हणजे प्रत्येकी ५० अंश मागे पडावे लागते. पायरी ५० अंश मागे पडते ती कटऑफच्या १.१९ पट वारंवारतेला. म्हणून दोलन कटऑफवर न बसता त्याच्या सुमारे तीन अर्धस्वर वर जाऊन बसते.

वरच्या सप्तकात ही ढकल कमी होते. १७६० हर्ट्झला ती पाच अंशांच्या आसपास आहे आणि दोलन कटऑफच्या सुमारे साडेचार टक्के वर आहे. आपण तेथे सूर जुळवला, म्हणजे प्रत्यक्षात कटऑफ १६८३ हर्ट्झवर होता. एक व्होल्ट उतरवल्यावर कटऑफ इमानाने निम्मा झाला, परंतु दोलन ९१७ हर्ट्झला बसले. आणखी एक व्होल्ट उतरवल्यावर ४९२ ला. आपण मोजलेले आकडे ९१५ आणि ४९० आहेत. कागदावरचे गणित आणि टेबलावरचे सर्किट इतके जुळणे मला आयुष्यात फार वेळा लाभलेले नाही, म्हणून आपल्या मोजमापाला दाद देतो.

विझण्याचाही हिशेब लागतो. पायऱ्या जास्त मागे पडतात तेव्हा त्या सिग्नल जास्त घटवतातही, आणि त्यात हाय-पासची स्वतःची घट मिळते. ४०० हर्ट्झला दोलन टिकण्यासाठी चारऐवजी साडेसहा पट गेन लागते, १०० हर्ट्झला २८ पट. आपल्या किटमध्ये नॉब शेवटाला असताना गेन साडेसहाच्या आसपास असणार, एवढे आपल्या निरीक्षणावरून मी घरबसल्या सांगू शकतो.

उपाय म्हणून तेथे ४७ मायक्रोफॅरडचा बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावावा. दहाचाही चालेल, पण त्याने ५५ हर्ट्झला सुमारे २५ सेंटची (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चूक उरेल. ४७ च्या कपॅसिटरने ती पाच सेंटवर येते. बदल केल्यावर मात्र साडेसहा पट गेन गरजेपेक्षा फार जास्त होईल आणि साइनची डोकी चपटी दिसू लागतील. रेझोनन्सचा ट्रिमर (जुळवणीचा छोटा नॉब) असल्यास नॉब शेवटाला असताना गेन साडेचारच्या आसपास राहील असा तो कमी करावा. किट बनवणाऱ्याने लहान कपॅसिटरची भरपाई गेन वाढवून केली असावी असा माझा तर्क आहे.


नमुनादर

मी सॉफ्टवेअरमधील फिल्टर लिहितो, आणि वरील हिशेब वाचताना गंमत वाटली, कारण आमच्याकडे हीच चूक नेमकी उलट्या बाजूने येते. काकांच्या कपॅसिटरने फेज पुढे ढकलली आणि खालचे सूर चढे झाले. आमच्याकडे फेज मागे पडते आणि वरचे सूर उतरतात.

संगणकात फिल्टर आवाजाचा एकेक नमुना मोजत जातो. चौथ्या पायरीचे उत्तर पहिल्या पायरीला हवे असते, पण पहिली पायरी मोजल्याशिवाय चौथीचे उत्तर मिळत नाही. या पेचातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे मागच्या नमुन्याचे उत्तर वापरणे. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील, तर ५००० हर्ट्झच्या सुराला हा एका नमुन्याचा उशीर जवळजवळ ४१ अंशांचा पडतो. मग चार पायऱ्यांना केवळ १३९ अंश पुरतात, म्हणजे प्रत्येकी ३५ च्या आत. पायऱ्या आदर्श धरल्या, तर ५००० हर्ट्झचा सूर काढण्यासाठी कटऑफ ७१०० च्या पुढे न्यावा लागतो, आणि कमी घट झाल्यामुळे सव्वादोन पट गेनलाच शिट्टी सुरू होते. म्हणजे वर जावे तसा फिल्टर उतावीळ होतो.

टिम स्टिल्सन आणि ज्युलियस स्मिथ यांनी १९९६ मध्ये मूग फिल्टरच्या डिजिटल रूपाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा उशीर चर्चेत आहे. पुढे २००४ मध्ये अँटी हुओविलाइनेन यांनी प्रत्येक पायरीचे आखडणेही गणितात आणले. आता बहुतेक जण त्या पेचाचे समीकरण प्रत्येक नमुन्याला सोडवूनच टाकतात आणि उशीर ठेवतच नाहीत.

दुसरी अडचण अधिक मजेदार आहे. संगणकात खरखर नसते. सर्व आकडे शून्यापासून सुरू झाले, तर शून्याची चार काय किंवा चाळीस पट केली तरी शून्यच, आणि नॉब शेवटाला असूनही फिल्टर गप्प बसून राहतो. म्हणून आम्ही इनपुटमध्ये ऐकू न येणारी अतिसूक्ष्म खरखर मुद्दाम मिसळतो. आखडणे लिहायचे विसरले तर उलटे होते: आकडे फुगत जातात आणि हेडफोनमध्ये जे काही ऐकू येते, त्यानंतर ती चूक माणूस पुन्हा करीत नाही.


खर्जप्रेमी

कपॅसिटर बदलला. शहरातील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बायपोलर मिळाला नाही, म्हणून १०० मायक्रोफॅरडचे दोन साधे कपॅसिटर ऋण टोके एकमेकांना जोडून लावले. आता १७६० वरून उतरताना ८८१, ४४१ आणि २२१ हर्ट्झ मिळतात आणि फिल्टर थेट ४० हर्ट्झपर्यंत न विझता जातो. काकांनी सांगितल्याप्रमाणे साइनची डोकी चपटी झाली होती, ती ट्रिमरने सावरली.

एक नवी गोष्ट मात्र दिसते. रात्री तानपुऱ्याच्या ॲपवर काळी एकचा षड्ज लावून फिल्टर त्याच्याशी जुळवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्पष्टपणे सरकलेला होता, आणि सर्व सप्तकांत सारखा सरकलेला नव्हता. मधल्या काळात कोणताही नॉब हलवलेला नाही.


जुना रेडिओवाला

दोन कपॅसिटर पाठीला पाठ लावून जोडण्याची युक्ती योग्य आहे. ५० मायक्रोफॅरड मिळाले, ते पुरेसे आहेत.

सूर सरकण्याचा या फेरीशी संबंध नाही, तो कटऑफ ठरवणाऱ्या भागाचा आहे. व्होल्टेजचे सप्तकात रूपांतर करणारा ट्रान्झिस्टर खोलीच्या तापमानाला साधारण १८ मिलिव्होल्टला विद्युतप्रवाह दुप्पट करतो, आणि हा आकडा निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो: दर अंशाला सुमारे एक तृतीयांश टक्का. ज्या सुरावर वाद्य जुळवले आहे, त्याच्यापासून तीन सप्तके दूर गेल्यास एका अंशाला १२ सेंटची चूक होते, म्हणूनच ती सर्व सप्तकांत सारखी नसते. चांगल्या ऑसिलेटरमध्ये हे सावरण्यासाठी तापमानाबरोबर दर अंशाला ३३०० पीपीएमने (दहा लाखांत ३३०० भागांनी) वाढणारा विशेष रेझिस्टर त्या ट्रान्झिस्टरला चिकटवून बसवतात. फिल्टरने कोणी गाणार नाही असे गृहीत धरून किटवाले बहुधा तेथे साधाच रेझिस्टर देतात. कंट्रोल व्होल्टेज जेथे १८ मिलिव्होल्टच्या पट्टीत उतरवला जातो, तेथे जमिनीकडे जाणारा एक किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर शोधावा. तोच बदलायचा आहे. नवा रेझिस्टर लावताना तो ट्रान्झिस्टरच्या अंगाला टेकलेला असावा, थोडी थर्मल पेस्ट लावावी, आणि त्यानंतर अर्धा तास वाद्य चालू ठेवूनच सप्तकाचा ट्रिमर पुन्हा जुळवावा.